करंटचा, म्हणजे चालू घडामोडींचा, अभ्यास मी कसा केला, प्रथमेशसाठी आणि अजून ज्यांना हवं असेल त्यांच्यासाठी

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर खालच्या मजल्यावरचा प्रथमेश वर आला. एसवायला आहे, यंदापासून एमपीएससीच्या राज्यसेवेचं मनावर घेतलंय त्याने. हातात चालू घडामोडींच्या मासिकाचे चार अंक, मोबाईलमध्ये टेलिग्रामवरून उतरवलेल्या ढीगभर पीडीएफ, आणि चेहरा पार उतरलेला. म्हणाला, ताई, तीन महिने रोज दोन तास करंट वाचतोय आणि काल अभ्यासिकेत टेस्ट दिली तर पंधरापैकी चार बरोबर आले, मला आठवत कसं नाही काहीच? मी ते अंक चाळले. प्रत्येक पानावर पिवळा हायलायटर, इतका की सुटलेली ओळ शोधावी लागत होती. त्या रात्री आम्ही साडेबारापर्यंत बसलो, आणि जे त्याला तोंडी सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण हाच प्रश्न मला अभ्यासिकेतल्या निदान दहा जणांनी विचारलाय आणि दरवेळी मी घाईघाईत अर्धवट उत्तर देते.

आधी माझं सांगते. २०२२ मध्ये मी बेलापूरला एका खासगी ऑफिसात डेटा एंट्री करायचे, राहायला तेव्हाही चेंबूरलाच. सकाळी सगळी गर्दी सीएसएमटीकडे जाते आणि मी उलट्या दिशेने, त्यामुळे बसायला जागा मिळायची, आणि तो अर्धा-पाऊण तास म्हणजे माझा करंटचा तास. एका क्लासची पेड पीडीएफ लावली होती, दर महिन्याला पैसे भरून. त्यात ऑगस्टच्या अंकात एक ओळ होती, ठाणे खाडी हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. मी ती ओळ अधोरेखित केली, पाठ केली, दोनदा रिव्हिजन केली आणि पुढे एका टेस्टमध्ये अगदी आत्मविश्वासाने चुकीचा पर्याय काळा केला. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ नांदूर मध्यमेश्वर, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेलं. दुसरं लोणार, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. ठाणे खाडी तिसरी.

मला मार्क गेल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त एक गोष्ट लागली. मी ती ओळ ज्या गाडीत बसून वाचायचे ती गाडी मानखुर्द सोडलं की त्याच खाडीवरून जाते. ओहोटीला तिथला काळा चिखल उघडा पडतो, दोन्ही बाजूंना तिवरं, थंडी सरत आली की लांबवर फ्लेमिंगोंचे गुलाबी ठिपके दिसतात, डब्यातल्या बायका लहान मुलांना उचलून दाखवतात. आणि मी खाली मान घालून मोबाईलमध्ये ठाणे खाडी पाठ करतेय! त्या दिवशी घरी आल्यावर मी पीडीएफ उघडलीच नाही. एक कोरी वही घेतली आणि स्वतःला विचारायला लागले की रामसर म्हणजे काय, हे स्थळ ठरवतं कोण, खाडीला तो दर्जा का मिळाला.

एकेक उलगडत गेलं. रामसर हे इराणमधलं गाव, तिथे २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळ जागांसाठी करार झाला, म्हणून २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन. भारत त्यात १९८२ मध्ये आला. ज्या पाणथळ जागांची तब्येत बिघडतेय त्यांची वेगळी नोंद असते, तिला माँट्रो रेकॉर्ड म्हणतात, भारतातून त्यात केवलादेव आणि लोकटाक. मग आपल्याकडचं बघितलं. नांदूर मध्यमेश्वर गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ, निफाड तालुक्यात, पक्ष्यांसाठी प्रसिद्ध म्हणून त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. लोणार तर उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेलं सरोवर, बुलढाणा जिल्हा. ठाणे खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत. अभयारण्य जाहीर करायचा अधिकार कुठून येतो, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातून. तिवरांसाठी राज्याने वेगळा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये काढलाय. म्हणजे बघा, एक बातमी आणि तिच्याखाली भूगोल, पर्यावरण, आंतरराष्ट्रीय करार, कायदा, सगळं एका पानावर आलं, आणि गंमत अशी की ते पान मला आज इतक्या वर्षांनीही न बघता लिहिता येतं. पीडीएफमधली ओळ मात्र पंधरा दिवसांत पुसली जायची.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली, आणि प्रथमेशला पहिली गोष्ट हीच सांगितली की करंटची वही तारखेप्रमाणे लिहू नकोस, विषयाप्रमाणे लिही. आपण सगळे काय करतो, १ तारीख, २ तारीख, ३ तारीख अशा बातम्या उतरवत जातो, वही भरते, आणि परीक्षेच्या आधी ती उघडली की सगळा नुसता काला. त्यापेक्षा वहीचे भाग पाडायचे, राज्यघटना, अर्थव्यवस्था, पर्यावरण, विज्ञान, इतिहास-संस्कृती, आंतरराष्ट्रीय, आणि महाराष्ट्राचा एक वेगळा जाडसर भाग. डाव्या पानावर जे बदलत नाही ते, म्हणजे कलम, कायदा, संस्था कधी झाली, सदस्य किती, नकाशा. उजव्या पानावर बातमी, कोपऱ्यात पेन्सिलने महिना आणि वर्ष. डावं पान रिकामं असेल तर ती बातमी अजून आपली झालेली नाही असं मी धरायचे आणि आधी ते भरायचे, मग पुढची बातमी.

आता हे कसं चालतं ते अजून एका उदाहरणाने सांगते, कारण ते माझ्या रोजच्या कामातलंच आहे. मी आता कर सहायक आहे, ऑफिस माझगावच्या जीएसटी भवनात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या काकू मला जिन्यात गाठून विचारायच्या की टूथपेस्ट, साबण, केसाचं तेल खरंच स्वस्त होणार का गं, आणि पनीरवर आता काहीच नाही म्हणे? बरोबर होतं त्यांचं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून ५ आणि १८ असे दोन मुख्य दर ठेवायचं ठरलं, चैनीच्या आणि आरोग्याला घातक वस्तूंना ४० टक्के, आणि बहुतेक सगळं २२ सप्टेंबरपासून लागू. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा कर शून्य झाला. सगळ्या पीडीएफमध्ये याच्या लांबच लांब याद्या आल्या, कुठल्या वस्तूचा दर कितीवरून किती. मुलं त्या याद्या पाठ करत बसली होती हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माझ्या वहीचं डावं पान वेगळं होतं. जीएसटी परिषद कुठल्या कलमाखाली, तर २७९अ. ते कलम कुठून आलं, १०१ वी घटनादुरुस्ती, २०१६. कर प्रत्यक्ष सुरू कधी झाला, १ जुलै २०१७. अध्यक्ष केंद्रीय अर्थमंत्री, आणि राज्यांचे अर्थमंत्री किंवा राज्याने नेमलेला दुसरा मंत्री सदस्य. मतांचं वजन केंद्राचं एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. हे नुसतं पाठ करू नका, दोन मिनिटं गणित मांडून बघा. सगळी राज्यं एकत्र आली तरी दोन तृतीयांश म्हणजे साधारण ६७ टक्के होतात, ७५ ला पोचत नाहीत, आणि केंद्र तर एकटं ३३ वरच. म्हणजे कोणालाच दुसऱ्याला सोडून पुढे जाता येत नाही अशी ती रचना केलेली आहे. बहुतेक निर्णय सहमतीनेच होतात, मतदानाची पहिली वेळ डिसेंबर २०१९ मध्ये आली, लॉटरीवरच्या दरासाठी. आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, त्यांना वजन आहे पण संसद आणि विधिमंडळं त्यांनी बांधलेली नाहीत. एवढं एका पानावर असेल तर पूर्व परीक्षेला विधानं फिरवून विचारू देत नाहीतर मुख्य परीक्षेला संघराज्यावर लिहायला सांगू देत, तुमच्याकडे सामान आहे. टूथपेस्टचा दर तेवढा जाता जाता लक्षात राहतोच.

विधानं फिरवण्यावरून आठवलं. यूपीएससीच्या २०२३ च्या पूर्वमध्ये 'वरीलपैकी किती विधानं बरोबर आहेत' किंवा 'किती जोड्या बरोबर आहेत' अशा प्रश्नांचा नुसता पाऊस होता. त्याआधी आपण एक विधान नक्की चूक आहे म्हणून दोन पर्याय उडवायचो आणि उरलेल्यात अंदाज मारायचो, ते तिथे चालेना, कारण तिन्ही-चारही गोष्टी माहीत असल्याशिवाय आकडा सांगता येत नाही. मी ती परीक्षा दिली होती, बाहेर आल्यावर गेटपाशी एक मुलगी भिंतीला टेकून नुसती उभी होती, रडत पण नव्हती. अर्धवट माहितीचं नुकसान किती असतं ते मला त्या दिवशी कळलं. यूपीएससीत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापले जातात, आपल्या एमपीएससीत एक चतुर्थांश, आणि कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय म्हणून मारलेले प्रश्न बहुतेक करंटचेच असतात. तुमच्या मागच्या चार टेस्ट काढून बघा, खरंच बघा.

वाचायचं काय, हा प्रश्न सगळे आधी विचारतात, मला तो नंतरचा वाटतो, तरी सांगते. एक पेपर, रोज. मी लोकसत्ता घ्यायचे, तुम्ही दुसरा घ्या, हरकत नाही, यूपीएससीसाठी इंडियन एक्सप्रेस किंवा द हिंदू यातला एक. दोन पेपर नको, पाऊण तासाच्या वर नको. केंद्राच्या योजनांसाठी पीआयबी, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाची साइट, राज्याच्या योजनांसाठी महासंवाद ही राज्य सरकारची साइट, दोन्ही फुकट आहेत आणि मराठीत आहेत, आणि तिथे योजनेची माहिती थेट सरकारकडून येते त्यामुळे मध्ये कोणाची टायपिंगची चूक नाही. राज्याची आर्थिक पाहणी अर्थसंकल्पाच्या आधी, बहुतेकदा आदल्या दिवशी येते, ती दरवर्षी उतरवून घ्यायची, सगळी वाचायची नाही, शेती, उद्योग, लोकसंख्या, सामाजिक क्षेत्र या प्रकरणांतले तक्ते बघायचे. मासिक हवंच असेल तर कुठलंही एक, पण ते महिन्याच्या शेवटी, आपलं काही राहिलं का एवढं तपासायला. आणि पुढाऱ्यांची एकमेकांवरची विधानं, कोण कुठल्या पक्षात गेलं, रोजचा शेअर बाजार, हे सगळं सोडून द्यायचं. सोडवत नाही, मला माहितीये, पण आयोग ते विचारत नाही.

एका जागी मात्र सगळे अडकतात, विधेयक आणि कायदा. महिला आरक्षणाचं २०२३ चं विधेयक १२८ वं घटनादुरुस्ती विधेयक होतं आणि कायदा झाल्यावर ती १०६ वी घटनादुरुस्ती. दोन्ही आकडे बरोबर, जागा वेगळ्या. वहीत दोन्ही एकाखाली एक लिहायचे.

आणि मागच्या वर्षांचे प्रश्न आधी बघा. निदान पाच वर्षांचे पेपर आयोगाच्या साइटवरून घ्यायचे, फक्त करंटचे प्रश्न वेगळे काढायचे आणि प्रत्येकासमोर लिहायचं की याचं मूळ कुठल्या विषयात आहे. मी हे काम दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून सलग तीन रविवार केलं होतं. तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की पेपर वाचताना मी आता वेगळ्या ठिकाणी थांबतेय, मथळ्यावर न थांबता आतल्या तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात, जिथे कायद्याचं नाव किंवा समितीचं नाव येतं तिथे.

पुरस्कार, निर्देशांक, नेमणुका याला मी फार वेळ देत नाही. शेवटचे वीस दिवस, एक मोठा कागद, भिंतीवर. निर्देशांकात आपला नंबर कितवा यापेक्षा तो काढतं कोण हे पक्कं ठेवा, मानव विकास निर्देशांक यूएनडीपीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, असं.

राज्यसेवेला महाराष्ट्राचा भाग जीव लावून करा, आणि हे मी नुसतं मार्कांसाठी सांगत नाहीये. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्या दिवशी आमच्या अभ्यासिकेत पेढे वाटले होते, वाचत बसलेली पोरं उठून एकमेकांना मिठ्या मारत होती. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं की आपल्याबरोबर अजून कुठल्या भाषांना मिळाला, तर तिघांनाच सांगता आलं. पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली. आधीच्या सहा, तमिळ २००४ मध्ये पहिली, मग संस्कृत, तेलुगू, कन्नड, मल्याळम, ओडिया, म्हणजे आता अकरा. आणि डाव्या पानावर काय येईल? मराठीच्या अभिजात दर्जासाठी नेमलेली रंगनाथ पठारे समिती, तिचा २०१३ चा अहवाल, नाणेघाटातला शिलालेख, हालाची गाथासप्तशती, सातवाहन. प्राचीन इतिहासाचं एक प्रकरण आपोआप रिव्हाइज होतं यात.

तसंच किल्ल्यांचं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यं म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. अकरा महाराष्ट्रातले, साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. जिंजी कसा आला यात? तर राजाराम महाराज रायगडावरून निघून तिथे गेले आणि कितीतरी वर्षं मराठ्यांचा कारभार तिथून चालला, हे ज्याला माहितीये त्याला बारावं नाव कधी विसरता येणार नाही. मग त्यातले बेटावरचे कुठले, खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. महाराष्ट्रात आधीची स्थळं कुठली, अजिंठा आणि वेरूळ १९८३, घारापुरी १९८७, सीएसएमटी २००४, पश्चिम घाट २०१२, आणि आपल्या मुंबईच्याच व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की एका बाजूला हायकोर्ट-विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, दोन्ही एका नजरेत येतात. मी माझ्या मावसबहिणीला तिथेच उभं करून हा मुद्दा शिकवला होता, ती आजही विसरलेली नाही.

मुंबईत राहून अभ्यास करणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते, जागा लहान आहे, प्रवासात वेळ जातो, पुण्यासारखं वातावरण नाही हे सगळं खरं, पण बातमीतल्या कितीतरी गोष्टी इथे डोळ्यांसमोर आहेत. रिझर्व्ह बँक फोर्टात आहे. व्याजदर ठरवणारी पतधोरण समिती तिथे बसते, सहा जण, तीन बँकेचे आणि तीन बाहेरचे, महागाईचं लक्ष्य ४ टक्के, दोन वर दोन खाली. शिवडीहून अटल सेतू दिसतो, २१.८ किलोमीटर, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला. मंत्रालयासमोरून रोज जातो आपण. एकदा थांबून बघितलेली गोष्ट वहीत वेगळी उतरते.

किती मागे जायचं, तर परीक्षेच्या आधीचे बारा ते पंधरा महिने. राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झालीये, त्यामुळे नुसत्या एका ओळीच्या नोट्सवर भागणार नाही, आठवड्यातून एकदा एका बातमीवर दीडशे-दोनशे शब्द हाताने लिहायची सवय आत्तापासून लावा. सुरुवातीला वाक्यं सुचत नाहीत, हात दुखतो. मला दोन महिने लागले नीट एक उत्तर लिहायला.

प्रथमेशने त्या रात्री वहीचं पहिलं पान माझ्यासमोरच काढलं. म्हटलं तूच निवड बातमी, तर त्याने वाढवण बंदर निवडलं, कारण त्याच्या आईचं माहेर डहाणूचं. उजव्या पानावर लिहिलं, ३० ऑगस्ट २०२४ भूमिपूजन, खर्च सुमारे ७६,२०० कोटी, वाटा जेएनपीएचा (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण) ७४ टक्के आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा २६. डाव्या पानावर पालघर जिल्ह्याचा किनारा काढला, वाकडातिकडा पण बरोबर जागी. मग म्हणाला, ताई, एवढं मोठं बंदर तिथेच का? किनाऱ्याजवळच नैसर्गिक खोली मिळते म्हणून, मोठी जहाजं लागू शकतात. हे लिहून झाल्यावर तो थांबला, म्हणाला, पण मामा सांगतो की मच्छीमारांचा विरोध आहे, ते कुठल्या पानावर लिहू? मी म्हटलं उजव्याच पानावर, खाली जागा सोडून, आणि डाव्या पानावर लिही डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेलं, त्यांनी २०२३ मध्ये या बंदराला परवानगी दिली. प्राधिकरण फक्त एका तालुक्यासाठी कसं काय, त्याने विचारलं. मी म्हटलं हे मी सांगणार नाही, शोध. साडेबारा वाजले होते, त्याच्या आईने खालून हाक मारली, तो वही घेऊन उठला, मासिकाचे चारही अंक आमच्या टेबलावरच राहिले.

काल संध्याकाळी मी डॉकयार्ड रोडला गाडीची वाट बघत होते तेव्हा त्याचा मेसेज आला. डहाणूच्या औष्णिक वीज प्रकल्पावरून सुरुवात केली होती त्याने, चिकूच्या बागांवर पोचला होता, पुढचं रात्री वर येऊन दाखवतो म्हणाला.